गाव लहान, मन कुठे मोकळं करायचं?

दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, महाविद्यालयांत आणि पंचायतींच्या सभागृहांत एकच उपदेश ऐकू येतो: मनात ठेवू नका, बोला. उपदेश चुकीचा नाही. पण गोव्यात डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या एखाद्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या, आतून पार खचलेल्या माणसाच्या मनात त्याच क्षणी जो प्रश्न उठतो, त्याचं उत्तर व्यासपीठावरून मिळत नाही. बोलेन, पण कुणाकडे? आणि आज रात्री ज्याच्याकडे बोललो, त्याच्या तोंडून ते उद्या सकाळी तिंट्यावर पोचणार नाही, याची हमी कोण देणार?

जीव दडपला असताना मित्राला हाक मारणं ही केवळ त्या माणसाच्या धैर्याची परीक्षा आहे, असं आपण धरून चाललो आहोत. मला हे मान्य नाही. गोव्यात तरी ती गावाच्या वागणुकीची परीक्षा आहे. हाक मारा असं सांगण्याआधी ती ऐकणाऱ्यांनी दोन गोष्टी शिकायला हव्यात: म्हणणं पुरतं ऐकून घेणं आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवणं. या दोन्ही गोष्टी शिकवता येतात, आणि त्या शिकवण्याची सार्वजनिक सोय झाली पाहिजे.

गोवा लहान आहे हे आपण कौतुकाने सांगतो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘तूं खंयचो?’ (तू कुठला?), दुसरा ‘कोणालो?’ (कुणाचा?), आणि पुढच्या दोन वाक्यांत काहीतरी नातं निघतंच. कदंबच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई आईच्या माहेरच्या वाड्यावरची असते. या जवळिकीत ऊब आहे. घरात कुणी आजारी पडलं की शेजारून पेजेचं भांडं येतं, ते याच जवळिकीतून. पण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात जाते तीही याच वाटेने, ‘कुणाला सांगू नको हां’ असं म्हणत. मुलीची सोयरीक जुळत असताना ‘तिला मध्ये गोळ्या चालू होत्या म्हणे’ एवढं एक वाक्य पुरतं. कामाच्या ठिकाणी कुणी अगदी दयेने ‘त्याला जरा सांभाळून घ्या’ म्हटलं तरी जबाबदारीचं काम त्याच्याकडे यायचं थांबतं. तेव्हा गप्प बसणाऱ्याला भित्रा ठरवणं अन्याय आहे. आजूबाजूला काय घडतं ते त्याने पाहिलेलं असतं, आणि त्यावरून त्याने बांधलेला अंदाज बहुतेक वेळा खरा असतो.

लोहखनिजाच्या खाणींच्या भागातली ती वर्षं आठवून पाहा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे काही काळ सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, कुडचडे या भागांत कर्ज काढून ट्रक घेतलेली कितीतरी घरं होती. ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालूच. अशा घरातला कर्ता माणूस पणजीच्या मोर्च्याला गेला, घोषणा दिल्या, सगळ्यांचं मिळून जे दुःख होतं ते त्याने मोठ्याने सांगितलं. पण रात्र रात्र डोळा लागत नाही, फोन वाजला की बँकेचाच असेल या धास्तीने छाती धडधडते, हे त्याने शेजारच्या बालमित्राला सांगितलं नाही. त्या मित्राच्या दारातही तसाच ट्रक उभा होता. दोघांची अंगणं लागून, दोघांची चिंता एकच, आणि दोघेही रोज एकमेकांना ‘कसो आसा?’ विचारून ‘बरो आसां’ म्हणत राहिले. एवढ्या मोठ्या सामूहिक संकटातही खासगी दुःख बोलायला जागा मिळाली नाही, याचा विचार आपण तेव्हा करायला हवा होता. निदान आता तरी करू.

दुःख बोलून दाखवणं या समाजाला परकं आहे असंही नाही. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालण्याची रीत आपल्याकडे अजून जिवंत आहे. नारळ ठेवून माणूस हात जोडून उभा राहतो. गावकर किंवा पुजारी त्याचं नाव घेऊन घरात काय अडलं आहे ते देवापुढे मांडतो: पोराच्या हाताला काम नाही, सुनेला मूल नाही, भावाभावांतला जमिनीचा वाद सुटत नाही. आजूबाजूच्या माणसांच्या कानांवर ते सगळं पडतं. पण तिथे कुणी हसत नाही, ‘एवढं काय त्यात’ म्हणत नाही, तिथल्या तिथे उपायही सांगत नाही. कौल-प्रसाद घ्यायचा तो नंतर; आधी म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं जातं. पौषात धालो या गाण्या-नाचाच्या उत्सवासाठी बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, जमतात तेव्हा पुरुषांच्या नजरेआड, गाण्यांतून आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात, सासरी-माहेरी न बोलता येणारं पुष्कळ काही बोललं जातं. जिथे ऐकण्याची रीत आधीच ठरलेली असते, तिथे आपण निर्धास्तपणे बोलतो.

मैत्रीत मात्र अशी रीत आपण घडवलीच नाही. मित्र म्हणजे थट्टामस्करी, नाटकाच्या तालमी, चवथीला घरोघर जाऊन घुमट वाजवत म्हटलेल्या आरत्या. सुखाचे सगळे प्रसंग मैत्रीत नीट बसवलेले आहेत. रडण्याचा प्रसंग कुठे बसवायचा ते ठाऊक नाही. पुरुषांनी एक मार्ग काढला आहे आणि तो घातक आहे. संध्याकाळी बारमध्ये बसायचं, दोन-तीन पेग झाले की बोलायचं, आणि सकाळी दोघांनीही काही घडलंच नाही असं वागायचं. दारू थोडा वेळ चिंता विसरायला लावते आणि झोप बिघडवते; दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. शिवाय नशेत सांगितलेल्या गोष्टीची चौकशी दुसऱ्या दिवशी कोण करतो? मित्र खरंच खचला आहे असं वाटत असेल तर त्याला चहाला बोलवा, म्हापशाला बाजारात सोबत न्या, नदीकाठी चालायला न्या. बाटलीशिवाय अर्धा तास बोलणं जड जाईल. पण तोच अर्धा तास खरा उपयोगी पडेल.

आता ‘आपलं ओझं दुसऱ्यावर कशाला’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य इतक्या सज्जनपणे उच्चारलं जातं की त्याच्यातली चूक दिसत नाही. मदत मागितली तर समोरचा नाही म्हणेल किंवा वैतागेल, हा आपला अंदाज सहसा चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ मध्ये हे तपासून पाहिलं. अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायला किती जणांना विचारावं लागेल, असं त्यांनी सहभागी व्यक्तींना आधी विचारलं आणि मग त्यांना प्रत्यक्ष पाठवलं. जितक्या जणांना विचारावं लागलं, त्याच्या जवळजवळ दुप्पट जणांना विचारावं लागेल असा त्यांचा अंदाज होता. प्रश्नावली भरणं आणि मित्राचं दुःख ऐकणं एक नव्हे, हे उघड आहे. पण इथे तर समोरचा अनोळखीही नाही. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की आपण आपणहून कुणाशी संपर्क साधला तर त्या माणसाला त्याचं जितकं मोल वाटतं, तितकं वाटेल अशी आपली अपेक्षाच नसते. संपर्क अवचित आला असेल तर हे मोल आणखी वाढतं. स्वतःला विचारून पाहा: जवळच्या मैत्रिणीने अवघड वेळी नेमकं तुम्हालाच बोलावलं, तर तुम्हाला ओझं वाटेल की तिने विश्वास टाकला असं वाटेल?

तरीही हाक कशी मारायची हा प्रश्न उरतोच. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले ख्रिस्ती धर्मगुरू आबे फारिया, ज्यांचा पुतळा पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आहे, त्यांची गोष्ट गोव्यात सगळे सांगतात. लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभे राहिल्यावर तरुण फारियांना शब्द सुचेना. तेव्हा खाली बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी,’ आणि मुलाची वाचा मोकळी झाली. ही गोष्ट आपण धीटपणाचा धडा म्हणून सांगतो. मला तिच्यात वडील कुठे बसले होते ते महत्त्वाचं वाटतं. ते इतके जवळ होते की मुलाचा चेहरा त्यांना दिसला, त्याने मागण्याआधीच मदत देता आली. आपल्यापैकी बहुतेकांचे मित्र आता तितके जवळ बसलेले नसतात. एक वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला, दुसरा पुण्यात, तिसरा आखातात. फोनवर चेहरा दिसत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या हसऱ्या चित्रातून तर काहीच कळत नाही. त्याला कळेलच, खरा मित्र असेल तर ओळखेलच, ही अपेक्षा सोडून द्यावी लागते. शब्दांत सांगावं लागतं.

आणि ते थोडक्यात, नेमकं आणि लवकर सांगावं. ‘काय चाललंय?’ असा निरोप पाठवून समोरच्याने ओळखावं म्हणून वाट पाहू नये. ‘गेले काही दिवस फार दडपण आलंय. आज रात्री जेवल्यावर अर्धा तास बोलशील का? सल्ला नको, नुसतं ऐक.’ एवढं पुरे. यात वेळ सांगितलेली आहे, किती वेळ हवा ते सांगितलेलं आहे, आणि समोरच्याने काय करायचं तेही. ऐकणारे पुष्कळदा मागे हटतात ते आपल्याकडे उपाय नाही म्हणून. उपाय मागितलेलाच नाही हे कळलं की त्यांना मोकळं वाटतं. सल्ला हवा असेल तर तेही सांगावं: ‘बँकेत जायचंय, एकट्याने धीर होत नाही, सोबत चल.’ एका मित्राला वेळ नसेल तर दुसऱ्याला विचारावं. पहिल्याचा नकार त्या दिवसापुरता असतो, मैत्रीला नसतो. आणि सगळं एकाच वेळी सांगावं असंही नाही. घरातली बाई ‘आज मला कंटाळा आलाय, तू ये’ इथून सुरुवात करते, आणि मैत्रिणीने तेवढंच नीट ऐकलं तर पुढच्या वेळी पुढचं सांगते. माणूस आधी थोडं सांगून ते कुठे कुठे पोचतं ते पाहतो, आणि तसं करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

म्हणून ऐकणाऱ्याची जबाबदारी मोठी. गुपित राखणं म्हणजे नवऱ्याला, बायकोलाही न सांगणं. ‘आमच्यात काही लपवाछपवी नसते’ हे संसाराचं भूषण असेल, पण मित्राने सांगितलेली गोष्ट तुमच्या संसाराची मालमत्ता नाही. निरोपाचं छायाचित्र कुणाला पाठवायचं नाही. नाव न घेता ‘आमच्या एका मित्राचं असं झालंय’ म्हणणंही गोव्यात नाव घेण्यासारखंच, कारण ऐकणारा दोन खुणांवरून माणूस ओळखतो. आणि लोकांत भेटल्यावर अर्थपूर्ण नजरेने ‘आता बरं ना?’ असं विचारायचं नाही. हे सगळे बारीक नियम वाटतील. विश्वास याच बारीक गोष्टींवर टिकतो किंवा तुटतो, आणि एकाचा तुटला की त्याच्या वाड्यावरचे आणखी चार जण न बोलण्याचा निश्चय करतात.

गुपिताला अपवाद एकच, जिवाचा धोका. मित्र मरणाची भाषा करू लागला, निरवानिरव केल्यासारखं बोलू लागला, तर सरळ विचारावं: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तसंच सांगते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नये, बागायतीसाठी घरात ठेवलेली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हाताला लागणार नाही असं पाहावं, आणि कुणाला कळवणार आहोत ते त्याला सांगूनच कळवावं. फोनवरून मानसिक आधार देणारी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि पैसे लागत नाहीत. बांबोळीला मानसोपचारांचं सरकारी इस्पितळ आहे, आयपीएचबी, आणि तातडीची वेळ असेल तर १०८ आहेच. पुष्कळ घरांत अजून पोलीस केसची भीती असते आणि त्या भीतीने लोक मौल्यवान तास घालवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आणि तिची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम आलेलंच नाही. हे गावोगाव माहीत व्हायला हवं.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मित्र म्हणजे डॉक्टर नव्हे, अर्धवट माहितीने तो नुकसानच करील. नुकसान होऊ शकतं, हे खरं. ‘देवाचं कर, बरं वाटेल’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत माणसं जगतात’ असली वाक्यं खचलेल्या माणसाला आणखी खाली ढकलतात. पण सामान्य माणसाला नीट ऐकायला, धीर द्यायला शिकवता येतं का, या प्रश्नाचं उत्तर जगाला मिळालं त्यात गोव्याचा वाटा मोठा आहे. ‘संगथ’ या १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. गंभीर नैराश्य असलेले ४९५ रुग्ण त्यात होते. त्यातल्या एका गटाशी मानसशास्त्राची पदवी नसलेले, स्थानिक समाजातूनच आलेले प्रशिक्षित समुपदेशक सहा ते आठ वेळा बोलले. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. आपल्या चहाच्या टेबलावर मात्र त्याची चर्चा मी ऐकलेली नाही.

या आकड्यांचा अर्थ ताणायला नको. ते समुपदेशक कुणाचे मित्र नव्हते. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि पुढे देखरेखीखाली सराव मिळाला होता. मित्र नैराश्य बरं करतो असं या अभ्यासाने दाखवलेलं नाही. पण धीराने ऐकणं, माणसाला हळूहळू रोजच्या कामांत परत आणणं, ही कौशल्यं पदवीशिवाय शिकता येतात, हे त्याने नक्की दाखवलं. आणि हे दाखवलं म्हणून सरकारने मानसोपचारतज्ज्ञांच्या जागा भरायला वेळ लावावा, असाही अर्थ कुणी काढू नये. मित्राने डॉक्टरपर्यंत पोचवलं आणि तिथे डॉक्टरच नसला, तर त्या माणसाचा दोघांवरचाही विश्वास उडेल.

माझी मागणी साधी आहे. गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालतात. पंधरा-वीस माणसं कामावरून आल्यावर रोज रात्री देवळाच्या मंडपात किंवा शाळेत जमतात: शिक्षक, टॅक्सीवाला, वीज खात्यातला कारकून, कॉलेजचा मुलगा. भजनी मंडळांचं आणि बायकांच्या फुगडी पथकांचंही तसंच. इतकी नियमित, इतक्या वेगवेगळ्या माणसांची भेट दुसऱ्या कुठल्या निमित्ताने होते? तालमीला सलग दोन दिवस न आलेला नट कुणाच्या तरी लक्षात येतो. तो का आला नाही हे विचारायला कुणी जात नाही, किंवा गेलंच तर रागवायला जातं. अशा प्रत्येक मंडळातल्या दोन व्यक्तींना, त्यांतली एक बाई असावी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांनी येऊन काही संध्याकाळी शिकवावं: कसं ऐकायचं, काय बोलायचं नाही, गुपित कुठवर राखायचं आणि कुठल्या क्षणी डॉक्टरला बोलवायचं. त्या दोघांची नावं मंडळात सगळ्यांना माहीत असावीत, आणि त्यांनी ऐकलेलं बाहेर सांगितलं तर त्यांना त्या कामावरून दूर करण्याचा नियमही असावा. त्यांनाही दमायला होईल, तेव्हा त्यांनी कुणाशी बोलायचं हेही आरोग्य केंद्राने ठरवून द्यावं. खर्च थोडा आहे, जागा आहेत, माणसं जमतातच. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि नळाच्या विषयांसोबत हा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरेसा आहे.